सात मीटरची दोरी

डाळज, ता. ४ मे १९९७

रा. रा. संभाजी मास्तर यांस,

तानूबाईचा नमस्कार. आशीर्वाद लिहायचा हक्क हाय माझा, तुमच्यापेक्षा दोन वरसांनी थोरली हाय मी. पण आशीर्वाद भावाला लिहायचा असतो. तुमी पडला मास्तर आन् मी पडले नापास पोरीची आई, तवा नमस्कारच बरा.

सुकन्या परवा सांजच्या एस.टी.नं आली. डोक्यावर पत्र्याची पेटी, तोंड एवढंसं झालेलं. मला वाटलं सुट्टीला आली. पेटी टेकवली आन् म्हणाली, "आई, गणितात ऱ्हायले." मी म्हटलं, "किती पडलं?" म्हणाली, "बत्तीस." पासाला पस्तीस लागत्यात हे मला ठावं हाय. चार इयत्ता मीबी शिकलीय.

मग एकेक उमगत गेलं. दोन वरसं पोरगी तुमच्या घरी राहती. शाळा तुमची. नववीचं गणित तुमच्याकडं. पेपर तुमी काढला, तपासलाबी तुमीच. म्हंजे सख्ख्या मामानं भाचीला तीन मार्कांसाठी पेटी डोक्यावर देऊन घरी लावली. बाहेरच्यानं मारलं असतं तर गावभर बोंब मारली असती. घरच्यानं मारलं तर तीबी सोय न्हाय.

पेपर तिनं संगं आणलाय. "मामानं दिलाय, चुका बघायला," म्हणाली. मीबी बघितल्या. तुमची लाल शाई चांगली वाहती. परिघाला तिनं एका ठिकाणी घेर म्हटलं, अर्धा मार्क कापला. त्रिज्येला एकदा दावं लिहिलं, अर्धा मार्क कापला. कापा. शाळेत शाळेचं बोलायचं, बाजारात बाजाराचं, हे मला मान्य हाय. तुमीबी एकेकाळी घेरच म्हणत व्हता, पण ते जाऊ द्या.

सातवा प्रश्न मात्र जाऊ देणार न्हाय. तो मी तिच्याकडनं चारदा वाचून घेतला, मग सोता वाचला. "एका चौरसाकृती कुरणाच्या कोपऱ्यात एक शेळी ७ मीटर लांबीच्या दोरीने खुंटीला बांधली आहे. तर ती किती क्षेत्रफळावरील गवत खाऊ शकेल?" चार मार्कांचा. पोरीनं काय लिहिलं? दोरी सात मीटर, शेळीची मान आन् तोंड मिळून अर्धा मीटर, म्हणून त्रिज्या साडेसात. साडेसाताचा वर्ग सव्वाछप्पन्न. त्याला बावीस सप्तमांशानं गुणलं, कोपरा हाय म्हणून चारानं भागलं, उत्तर चव्वेचाळीस पूर्णांक दोन चौरस मीटर. गुणाकार बरोबर. भागाकार बरोबर. कोपऱ्यात वर्तुळाचा पाव हिस्साच येतो, तेबी बरोबर. आन् ह्या सगळ्यावर तुमी आडवी रेघ मारून लिहिलं, "मान कुठून आली? शून्य."

मान कुठून आली म्हंजे? शेळीला असती म्हणून आली. संभा, लेका, हे तू लिहिलंस? ज्यानं जन्मात शेळी बघितली न्हाय, दूध बघितलं तेबी पिशवीतलंच, त्यानं लिहिलं असतं तर मी गप बसले असते. तू रांगायला शिकलास ते करडांच्या संगं. दावं संपलं म्हणून शेळी खायची थांबती व्हय? दाव्याच्या पुढं हातभर ती पार माती उघडी पाडती. शेजारच्याच्या मक्यावरनं आपल्या आबांनी जेवढ्या शिव्या खाल्ल्या, त्या सगळ्या त्या हातभराच्या व्हत्या.

सुकन्या तुझीच बाजू घेती. म्हणती, गणितात शेळी म्हंजे बिंदू धरायचा, आन् बिंदूला लांबी नसती, रुंदी नसती. नसू दे. मग बिंदू गवत कशाला खाईल?

आता नीट ऐक. हिच्या बापानं इंदापूरच्या बाजूचं एक स्थळ धरून ठेवलंय. पोरगा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला हाय, मोटारसायकलवर येतो-जातो. ते लोक म्हणाले व्हते, पोरगी दहावीला गेली तर वरीसभर थांबू, न्हाय तर आखाड लागायच्या आत बार उडवू. पोरगी पंधरा वरसाची हाय. तुझ्या एका रेघेवर एवढं सगळं टांगलंय.

चार मार्क दे. बत्तीस आन् चार छत्तीस. दुसरं काय मागत न्हाय.

तानूबाई


डाळज, ता. १३ मे १९९७

संभाजीस,

तुझं पाकीट आलं. मोजून पाच ओळी. त्या मी हितं पुन्यांदा लिहिती, म्हंजे तू काय लिहिलंस ते तुलाबी दिसंल.

"अक्का, नियम सगळ्यांना एकच. भाची माझ्या घरात राहते हे सगळ्या शाळेला माहीत आहे. तिला मार्क वाढवले तर उद्या मला कुणालाच नापास करता येणार नाही. बोर्डाचा पेपर तपासणारा शेळी बघायला येत नाही. सोबतचा कागद नीट वाच."

कागद वाचायला मला सवड न्हाय. मी भाकरी थापत व्हते, ठेवला कुठंतरी.

शेळी बघायला येत न्हाय म्हणं. ह्या वाक्यावर माझी भाकरी तव्यावर करपली. कुणी न्हाय आलं शेळी बघायला? तू सहावीत व्हतास, आठव. गणित असंच व्हतं, बैलाचं. येत न्हाय म्हणून मेंढरांच्या वाड्याच्या कडंला बसून रडत व्हतास. मी शेळीची धार काढत व्हते. मी म्हटलं, बैल ऱ्हाऊ दे, हिच्याकडं बघ, दाव्याच्या पुढं मान किती जाती ते बघ, ती धर, न्हाय तर आबांगत शिव्या खाशील. तू तसं लिहून नेलंस. वर्ग हसला, पण गुरुजी हसले न्हाईत. सांजच्याला सायकलवर फूटपट्टी बांधून आपल्या वस्तीवर आले. मी दावं धरलं, शेळी उभी केली, गुरुजींनी मान मोजली. दीड फूट भरली. आबांना तितंच म्हणाले, "ह्या पोराला मेंढरामागं धाडू नका. ह्याला डोकं हाय." तुझी पाठ थोपटली. जाताना शेळीचीबी थोपटली. मी दावं धरून उभीच.

अक्कानं सांगितलं, एवढं तू बोलला न्हाईस. बारा वरसाचं लेकरू तू, तवा मी त्याचं काय मनावर घेतलं न्हाय. उलट तुला गूळ दिला. पुढच्या वैशाखात माझं लगीन लागलं, आन् तू पुढं हायस्कूलला गेलास. आता सत्तावीस वरसांनी माझी पोरगी तेच लिहिती, सोताच्या डोळ्यांनी बघून लिहिती, आन् तिला तू इचारतोस मान कुठून आली. सांगू का कुठून आली ते? जितनं तुझी मास्तरकी आली तितनं.

आन् दोन वरसं पोरीनं तुझ्याकडं फुकट खाल्लं न्हाय. तुझी भांडी घासली, तुझ्या प्रयागची लहानी कडंवर घेऊन फिरली. तिचा अभ्यास कवा व्हायचा ते तू इचारलंस का कवा?

तुझ्या कागदाचं मला सांगू नको. माझ्या पत्राचं उत्तर दे.

तानूबाई


डाळज, ता. २२ मे १९९७

संभाजीस,

तुझं लांब पत्र आलं. दोनदा वाचलं. आधी एक गोष्ट कबूल करती. भांड्यांचं मी रागात लिहिलं. सुकन्यानं ते वाचलं आन् माझ्यावरच उखडली. म्हणाली, मामी मला परीक्षेत ताटसुद्धा उचलू देत नव्हती. तवा ते खोडून टाक. प्रयागला वाचून दाखवलं नसशील तर दाखवू नको.

बाकीचं खोडणार न्हाय.

तू लिहितोस, पुढच्या वरसी सातवीच्या परीक्षेत पुन्यांदा तसाच प्रश्न आला. तू पुन्यांदा मान धरलीस. पेपर गेले परगावी, तपासणाऱ्यानं शून्य दिलं, आन् दोन मार्कांनी तुझी शिष्यवृत्ती गेली. हे तू कुणालाच सांगितलं न्हाईस. आबांना न्हाय, गुरुजींना न्हाय, मला तर न्हायच. तुझ्या पोटात एवढं असंल असं मला कवा वाटलं न्हाय. मी सांगितलेल्या मानेनं तुला एकदा उचललं आन् एकदा आपटलं, आन् मला त्यातलं निम्मंच ठावं.

पण पुढं काय लिहितोस? "त्या दिवशी ठरवलं, माझ्या वर्गातल्या मुलाला बाहेरच्यानं शून्य द्यायच्या आधी मीच देईन, म्हणजे ते बोर्डात तरी वाचेल." शाबास. सासूनं पोळवलं म्हणून सुनेनं तिच्या सुनेला पोळवायचं, आन् म्हणायचं, तुला सवय व्हावी म्हणून. अरं, शून्य देण्याआधी तिला कडंला बसवून सांगायला काय झालं व्हतं? तुझ्याच घरात तुझ्याच ताटाशेजारी जेवत व्हती. "बाई गं, मान खरी हाय, पण पेपरात धरायची न्हाय, मलाबी एकदा लागलंय," एवढं म्हणायला किती शब्द लागत्यात ते तूच मोज, तू गणिताचा.

सुकन्याला मी इचारलं, पुस्तकात असं कुठं लिहिलंय का, की मान सोडून द्यायची? तिनं सगळा धडा धुंडाळला. न्हाय लिहिलेलं. मग पोरानं वळखायचं कसं? तुमी मनात धरता आन् पोराला सांगत न्हाय, आन् त्यानं न धरलं तर शून्य. हा कुठला न्याय?

परवा पाव्हणे येऊन गेले. पोरगा बरा हाय, मान खाली घालून बसला व्हता. त्याच्या आईनं सुकन्याला कांद्याची फोडणी इचारली, आन् वर म्हणाली, "गणिताचं काय करायचंय, आमच्या घरात हिशेब पुरुष बघत्यात." हिचा बाप काय बोलतो तेवढ्याकडं माझं ध्यान व्हतं. आता ठरल्यातच जमा हाय. माझ्या हातात काय हाय? बाईमाणसाचं कोण ऐकतं.

तू पुन्यांदा इचारलंस, तो कागद भरला का. कसला कागद?

तानूबाई


डाळज, ता. ३० मे १९९७

संभा,

हे पत्र सुकन्याच्या हातात देती. ती सकाळच्या पहिल्या गाडीनं येईल. पोस्टाचा भरवसा न्हाय, उद्या एकतीस तारीख हाय, आन् उद्या शनिवार, शाळा अर्धीच. पत्राच्या घडीत तुझा कागद हाय. फेरपरीक्षेचा फॉर्म. भरलाय. सही मी केलीय, पालकाच्या जागी, तानूबाई बिरदेव असं पुरं लिहून.

आता खरं सांगती. मला खोटं लिहायची सवय न्हाय, म्हणून मागच्या दोन पत्रांत हात दुखला.

तुझं पहिलं पाकीट आलं तवाच मी तो कागद वाचला व्हता. नऊ जूनला फेरपरीक्षा, पास झाली तर दहावीत, एकतीस मेच्या आत फॉर्म पायजे, सगळं वाचलं. आन् घडी घालून बाजरीच्या डब्यात तळाला घातला. का? मला राग आला व्हता. मला वाटलं, माझ्या पोरीचं बरोबर हाय, मग तिनं पुन्यांदा परीक्षा का द्यायची? चोराला सोडून धन्यालाच झडती, असं. मला तुझ्याकडनं ते चार मार्क पायजे व्हते. पोरगी दहावीला जावी म्हणून न्हाय. तू चुकलास म्हणून. हे लिहायला मला आत्ता पाच मिन्टं थांबावं लागलं.

आन् स्थळाचं. हिच्या बापानं ते नुसतं धरून ठेवलं व्हतं. बिरदेवाचा स्वभाव तुला ठावं हाय, ते कशालाच न्हाय म्हणत न्हाईत आन् व्हयबी म्हणत न्हाईत. पाव्हण्यांपुढं म्हणाले, "पोरीला इचारू, मास्तरला इचारू." तवा मी आतनं पदर खोचून आले आन् म्हणाले, "मास्तरला काय इचारायचं, त्यानंच नापास केलीय. आमच्याकडनं व्हय." माझ्या ह्या तोंडानं म्हणाले. सुकन्या कपबशा घेऊन दारात उभी व्हती.

सोमवारी बाजरी काढायला गेली आन् तिच्या हाताला कागद लागला. ओरडली असती तर बरं झालं असतं. कागद वाचला, डब्यावर झाकण घातलं आन् माझ्याकडं बघितलंबी न्हाय.

बुधवारी बघती तर बाई बापाचा पाइपलाइनचा टेप घेऊन सुतळीची दोरी मोजती. बरोब्बर सात मीटर कापली. लसूणघासाच्या वाफ्याच्या कोपऱ्यात खुंटी ठोकली आन् आपली भुरी शेळी बांधली. मी म्हटलं, "घास सगळा जाईल." म्हणाली, "पावच जाईल. कोपरा हाय." दिवस मावळायला आला तवा भुरीनं घासात असा गोल कापला व्हता, जात्याच्या कडंगत सारखा. सुकन्यानं टेप खुंटीला धरला आन् जितनं घास उभा व्हता तितपर्यंत ओढला.

सात मीटर आन् वर चार बोटं.

मी म्हटलं, टेप खोटा हाय. मी सोता मोजलं. तीनदा मोजलं, तीन जागी मोजलं. सात मीटर, चार बोटं. साडेसात कुठंच भरंना. मान तर भुरीला हाय, माझ्यासमोर उभी हाय, हात लावून बघितला. मग अर्धा मीटर गेला कुठं?

सुकन्यानं शेळी सोडली आन् दोरी जमिनीवर सरळ टाकली. खुंटीला मारलेली गाठ, अर्धी वीत. गळ्यातला फास, दीड वीत. म्हणाली, "आई, तू मान धरलीस. गाठ इसरलीस."

संभा, मी आयुष्यात किती गाठी मारल्या असतील? पाचव्या वरसापासनं रोज सकाळ-सांज. झोपेत मारली तर सुटणार न्हाय अशी माझी गाठ. आन् मी मान मान करत सत्तावीस वरसं नाचले, गाठ माझ्याच हातातली, ती मला दिसली न्हाय. गुरुजींनाबी दिसली न्हाय, त्यांनी मानच मोजली. तुला न्हाय, सातवीच्या त्या तपासणाऱ्यालाबी न्हाय. पुस्तकातलं उत्तर बरोबर निघालं, पण ते पुस्तकालाबी ठावं न्हाय का बरोबर हाय ते.

पोरगी मग बोलली. म्हणाली, "मामाचं उत्तर बरोबर हाय आन् तुझं बघणं बरोबर हाय. मला दोन्ही पायजेत. आता सही कर." मी केली.

तिला संभाळ. मला बोलायचं असंल ते पत्रात बोल, तिच्यापुढं नको. पाव्हण्यांचं मी बघती.

अक्का


डाळज, ता. ४ जून १९९७

संभा,

एवढंच कार्ड. फॉर्म शनिवारी शाळा सुटायच्या आत दिलास हे सुकन्याच्या चिठ्ठीतनं कळलं.

मी पाव्हण्यांकडं जाऊन आले. एकटीच गेले. बिरदेव म्हणाले, मी येतो, मी म्हटलं, व्हय मी म्हटलं व्हतं, न्हायबी मीच म्हणणार. त्याच्या आईनं पाणी दिलं, नापास पोरीचा एवढा तोरा कशाला म्हणाली. मी म्हटलं, पोरगी चार बोटांनी नापास हाय, तुमच्यात कुणाला मोजता येत असंल तर सांगा. त्यांना काय कळलं न्हाय. पोरगा मात्र हसला. बिचारा चांगला हाय, त्याला कुणीतरी मिळंल.

दोन गोष्टी सांगती. पेपर तू तपासायचा न्हाय. तू मार्क दिलेस तर शाळा बोलंल, न्हाय दिलेस तर मी बोलीन. दुसऱ्या मास्तराला दे. आन् तिच्याकडनं शब्द घोटून घे, परीघ, व्यास, त्रिज्या, कर्ण, सगळे. अर्ध्या अर्ध्या मार्कानं ठेच लागायला नको. घरी आली की घेर म्हणू दे.

अक्का


डाळज, ता. २१ जून १९९७

चिरंजीव संभा यास अक्काचा आशीर्वाद.

लिहिला बघ आशीर्वाद. तुझ्या पत्राच्या आधी सुकन्याचंच पत्र आलं, त्यात नुसतं "अठ्ठावन्न" लिहून खाली दोन रेघा मारल्यात. बिरदेवांनी ते कार्ड टोपीत घातलं आन् दिवसभर रानात तसेच फिरले. मग तुझं पत्र आलं आन् मला खरं काय घडलं ते कळलं.

तू लिहितोस, फेरपरीक्षेत प्रश्न पुन्यांदा तसाच आला, शेळीऐवजी घोडा, दोरी चौदा मीटर. प्रश्न काढणारा दुसरा मास्तर, त्याला ह्यातलं काय ठावं न्हाय. पेपर तपासता तपासता तो उठून तुझ्याकडं आला आन् एक ओळ दाखवली. तू ती ओळ पत्रात उतरवून धाडलीस. मी ती घरात सगळ्यांना वाचून दाखवली, भुरीलाबी.

"समजा, गाठीत जेवढी दोरी जाते तेवढीच घोड्याची मान पुढे जाते. म्हणून त्रिज्या = १४ मी."

आन् पुढं सगळं पुस्तकाच्या रीतीनं, परिघाला परीघ, त्रिज्येला त्रिज्या, उत्तर एकशे चोपन्न चौरस मीटर. पैकीच्या पैकी मार्क. मी "मान हाय" म्हणून भांडत बसले, तू "मान कुठून आली" म्हणून रेघ मारलीस, आन् पोरीनं तुमचाच एक शब्द उचलला, समजा, आन् त्यात घोडा, मान, गाठ सगळं बसवलं. तुमी मास्तर लोक जे मनातल्या मनात धरता ते तिनं पहिल्या ओळीत उघडं लिहिलं. इतकी वरसं तुमच्यातल्या कुणाला ते सुचलं न्हाय, ह्याचा राग माझा अजून गेला न्हाय, आन् तो मी सोडणार न्हाय.

पुढचं मात्र मी तीनदा वाचलं. त्या मास्तरानं तुला इचारलं, "हे तुमी शिकवलंत का?" आन् तू म्हणालास, "नाही. मान तिच्या आईनं दाखवली. मलाही तिनंच दाखवली होती, मी सहावीत असताना." सगळे मास्तर चहा पीत बसले व्हते, त्यांच्यापुढं म्हणालास. आन् मला लिहितोस, "अक्का, हे त्या संध्याकाळी गुरुजींपुढं म्हणायला हवं होतं."

व्हय. हवं व्हतं. मी न्हाय म्हणणार न्हाय. सत्तावीस वरसं लागली तुला त्या चार शब्दांना. मी चुलीपुढं बसून वाचलं, धूर न्हवता तरी डोळ्याला पदर लावला, आन् मग तुझ्यावर परत चिडले, की हे तू आधी म्हणाला असतास तर ही सगळी पत्रं लिहायला लागली नसती.

आता एक ऱ्हायलं. सुकन्या "समजा" म्हणाली म्हणून ती चार बोटं जात न्हाईत. भुरीनं सात मीटर आन् चार बोटं खाल्लंय, मी सोता मोजलंय. ती चार बोटं माझी हायत आन् तू ती माझ्या नावावर मांडायचीस. भरवसा नसंल तर दिवाळीच्या सुट्टीत प्रयागला आन् पोरांना घेऊन ये. घास तवर पुन्यांदा फुटंल, भुरी हाय, दोरी मी जपून ठेवलीय.

ह्या बारीला दावं तू धर. मोजणार मी.

तुझी अक्का
तानूबाई